धंदा करावासा वाटणं आणि ‘मला जमेल’ असं वाटणं: हे दोन्ही एकमेकांत कसं गुंतलेलं असतं

मोबाईल उघडला की कोणी ना कोणी सांगत असतं, नोकरीत अडकू नका, स्वतःवर विश्वास ठेवा, स्वतःचं काहीतरी सुरू करा. ऐकणाऱ्यांपैकी थोडे लोक खरंच सुरू करतात, बरेचसे ऐकून सोडून देतात आणि काही जण मात्र वर्षानुवर्षं ‘करायचंय, करायचंय’ म्हणत जागच्या जागी राहतात. यात हुशारीचाच फरक असतो असं नाही. शिक्षण सारखं, अनुभव सारखा, हाताशी पैसेही साधारण सारखेच, तरी एकाच्या डोक्यात धंद्याचा विचार मूळ धरतो आणि दुसऱ्याच्या डोक्यात तो येतो तसा निघून जातो. हे असं का होतं याचा मानसशास्त्र आणि अर्थशास्त्रातल्या लोकांनी गेली चाळीसेक वर्षं बराच पिच्छा पुरवलाय, आणि त्यातून जे हाती आलंय ते ‘विश्वास ठेवा’ एवढ्या सल्ल्यापेक्षा कितीतरी कामाचं आहे असं मला मनापासून वाटतं. कारण त्यातून कळतं की विश्वास नेमका कशावर ठेवायचा, तो येतो कुठून, आणि कधी त्याला थोडा लगाम घालावा लागतो.

भरवसा नेमका कशाचा?

सुरुवात एका सापापासून करावी लागेल. अल्बर्ट बांडुरा हे स्टॅनफर्ड विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ, १९२५ ते २०२१ असं दीर्घ आयुष्य लाभलेले. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सापाची प्रचंड भीती असलेल्या लोकांवर काम केलं. या लोकांना एकेक पायरी करायला द्यायचे: आधी सापाच्या पेटीजवळ जायचं, मग आत डोकावून बघायचं, मग हातमोजे घालून त्याला स्पर्श करायचा, मग उघड्या हाताने धरायचं, आणि शेवटी तर साप मांडीवर सरपटू द्यायचा. काही लोकांनी हे सगळं दुसऱ्याला करताना फक्त बघितलं, काहींनी शेजारी मदतनीस घेऊन स्वतः हळूहळू केलं, आणि काहींना कसलाच उपचार दिला नाही. महत्त्वाची गोष्ट अशी की प्रत्येक पायरीबद्दल आधी विचारलं जायचं, ‘हे तुम्हाला जमेल का, आणि किती खात्री आहे?’

निघालं काय तर माणूस प्रत्यक्षात कुठपर्यंत जाईल हे त्याच्या त्या उत्तरावरून बऱ्यापैकी ओळखता येत होतं, अगदी पायरीनिहाय. ज्यांनी स्वतः हात लावून बघितला होता त्यांचा भरवसा सगळ्यात जास्त वाढला होता. बांडुरांनी १९७७ मध्ये यावर जो सिद्धांत मांडला त्यातल्या मूळ कल्पनेला सेल्फ-एफिकसी म्हणतात. म्हणजे एखादं ठरावीक काम आपल्याला करता येईल असा आपला स्वतःचा अंदाज. आपण पुढे त्याला नुसतं ‘जमण्याचा भरवसा’ म्हणू.

हा भरवसा म्हणजे स्वाभिमान नव्हे आणि चारचौघांत बिनधास्त बोलता येणंही नव्हे. एखादा माणूस स्वतःला खूप मानत असेल तरी हिशेबाची वही समोर आली की त्याची पाचावर धारण बसू शकते, आणि एखादी अगदी अबोल, संकोची बाई आपल्या कामात एवढी पक्की असते की त्या कामाबद्दल तिला कोणी हलवू शकत नाही. भरवसा हा माणसाला चिकटलेला गुण कमी आणि कामाला चिकटलेला अंदाज जास्त, आणि एकदा हे डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं होतं.

इच्छा काय अशी आपोआप होत नाही का?

आपल्याला वाटतं की आधी इच्छा होते आणि मग आपण बघतो जमतंय का. प्रत्यक्षात हे दोन्ही एकमेकांत मिसळलेलं असतं. आल्बर्ट शापेरो आणि लिसा सोकोल या अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडलं की माणूस धंद्याकडे वळतो तेव्हा दोन गोष्टी लागतात, ते त्याला हवंहवंसं वाटलं पाहिजे आणि शक्य वाटलं पाहिजे, शिवाय हातपाय हलवण्याचा स्वभाव हवा. आणि बऱ्याचदा आयुष्यात एखादा धक्का बसावा लागतो, नोकरी जाते, बदली होते, शिक्षण संपतं, मग त्या क्षणी माणूस समोर असलेल्या वाटांपैकी जी हवीशीही आहे आणि शक्यही वाटते ती धरतो. दुसरी मांडणी मानसशास्त्रज्ञ आइझॅक आयझेन यांची, त्यांचा १९९१ चा सिद्धांत फक्त धंद्याबद्दल नाही, माणूस कुठलीही गोष्ट ठरवतो कशी याबद्दल आहे. त्यांच्या मते इरादा तीन गोष्टींवर उभा राहतो: ती गोष्ट आपल्याला चांगली वाटते का, आपल्या जवळच्या माणसांना ती पसंत आहे का, आणि ती आपल्या हातात आहे असं वाटतं का. पुढे २००० मध्ये नॉरिस क्रूगर आणि सहकाऱ्यांनी धंद्याच्या इराद्यासाठी या दोन्ही मांडण्या शेजारी ठेवून तपासल्या. ‘शक्य वाटणं’ किंवा ‘हातात आहे असं वाटणं’, शब्द वेगळे असले तरी जमण्याचा भरवसा दोन्हीत मध्यभागीच बसलाय.

पण मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळीच वाटते. जे जमणार नाही असं आतून वाटतं ते हवंसं वाटणंही हळूहळू बंद होतं. कोल्ह्याला द्राक्षं आंबट. माणूस खोटं बोलत नसतो, ‘मला धंद्यात इंटरेस्टच नाही’ असं तो अगदी प्रामाणिकपणे सांगतो, कारण मनाने तो पर्याय विचारात घेण्याआधीच बाजूला काढून ठेवलेला असतो. नॅन्सी बेट्झ आणि गेल हॅकेट यांनी १९८१ मध्ये कॉलेजातल्या मुलामुलींना वेगवेगळ्या करिअरबद्दल विचारलं, तेव्हा पुरुषांची समजली जाणारी क्षेत्रं मुलींना स्वतःला कमी जमतील असं वाटत होतं, परीक्षेत मोजलेल्या क्षमतेत तसा फरक नसतानाही, आणि कुठल्या क्षेत्राचा विचार करायचा हे या भरवशाशी जोडलेलं होतं. म्हणजे ‘इच्छा नाही’ असं कोणी म्हटलं की तिथे थांबू नये, त्या इच्छेचा गळा आधीच कुठे आवळला गेलाय का ते बघावं.

धंदा म्हणजे एक काम नाही, कामांचा ढीग आहे

आता भरवसा कामागणिक वेगळा असतो म्हटल्यावर ‘मला धंदा जमेल का’ हा प्रश्नच फार ढोबळ झाला ना. १९९८ मध्ये चाओ चेन, पॅट्रिशिया ग्रीन आणि अॅन क्रिक यांनी याचे पाच भाग पाडले: बाजारात माल किंवा सेवा पोचवणं, नवीन काहीतरी काढणं, माणसं आणि काम सांभाळणं, जोखीम घेणं आणि पैशावर ताबा ठेवणं. त्यांनी धंदा सुरू केलेल्यांची इतरांशी तुलना केली तेव्हा फरक दिसला तो नवीन काढणं आणि जोखीम घेणं या दोन भागांत.

एक उदाहरण जवळून बघू, कल्पनेतलंच आहे पण असं माणूस तुम्हाला भेटलेलं असेल. एक बाई दुसऱ्याच्या ऑफिसात कित्येक वर्षं हिशेब बघते, कुठलीही एंट्री चुकली तर पानावर नुसती नजर टाकून सांगते. तिला स्वतःचं हिशेबाचं काम सुरू करायचंय. पहिला ग्राहक ओळखीतूनच मिळतो, तो मेसेज करतो, ‘किती घ्याल?’ ती आकडा टाईप करते. मग थांबते. आकडा खोडून त्याच्यापेक्षा कमी टाकते, मग वाटतं हेही जास्तच झालं, पुन्हा कमी करते, आणि शेवटी लिहिते, ‘तुम्ही ठरवा.’ त्या रात्री ती घरच्यांना सांगते की धंदा बिंदा आपल्याला जमायचा नाही, आपण नोकरीच्याच लायकीचे.

बघा इथे काय झालं. हिशेबात तिचा भरवसा शंभर टक्के, वेळ पाळण्यात, माणसं सांभाळण्यातही बऱ्यापैकी. कच्चं होतं ते फक्त स्वतःच्या कामाची किंमत तोंडाने सांगणं, हे एकच काम, पण तिने निकाल लावला तो संपूर्ण स्वतःवर. ही चूक लाखो लोक करतात आणि मला त्याचं खरोखर वाईट वाटतं, कारण किंमत सांगणं हे शिकता येणारं काम आहे, चारदोन ग्राहकांशी बोलल्यावर जीभ सरावते, नाहीतर ते काम करणारा जोडीदार घेता येतो. पण ‘मी त्या लायकीची नाही’ या निकालावर काही करता येत नाही, तो माणसाला घरी बसवतो. म्हणून स्वतःला विचारायचंच असेल तर कामाचं नाव घेऊन विचारावं: अनोळखी माणसाला फोन करणं जमेल? उधारी मागणं जमेल? महिनाभर पैसे आले नाहीत तर डोकं ठिकाणावर ठेवणं जमेल? माझ्या हाताखाली काम करणाऱ्याला ‘हे पुन्हा कर’ म्हणणं जमेल?

मग हा भरवसा येतो कुठून?

बांडुरांनी चार वाटा सांगितल्या, पण चारही सारख्या रुंदीच्या नाहीत. सगळ्यात मोठी वाट म्हणजे स्वतः करून बघणं. विहिरीच्या काठावर बसून कितीही पुस्तकं वाचली तरी पाण्यात उतरल्याशिवाय पोहता येत नाही हे सगळ्यांना माहीत आहे, पण याचा पुढचा अर्धा भाग आपण विसरतो, की पहिल्याच दिवशी खोल पाण्यात ढकलून दिलेला माणूस पोहायला शिकण्याऐवजी आयुष्यभर पाण्यालाच घाबरू शकतो. भरवसा वाढतो तो झेपेल एवढ्या, पण थोडा दम काढणाऱ्या कामातून. फार सोप्या यशाने आलेला भरवसा पहिल्या धक्क्याला गळून पडतो असंही बांडुरा सांगत, अडचण आली आणि आपण ती काढली, हा अनुभव त्यात असावाच लागतो.

दुसरी वाट दुसऱ्याला करताना बघणं. इथे अट अशी की बघायचा माणूस आपल्यासारखा वाटला पाहिजे. जगातला सगळ्यात श्रीमंत उद्योजक कसा मोठा झाला हे बघून छान वाटतं, पण ‘तो करू शकतो म्हणजे मीही’ असं सहसा वाटत नाही, उलट अंतरच जाणवतं. आपल्याच वर्गातला, आपल्याच ऑफिसातला, आपल्याएवढ्याच अडचणी असलेला माणूस काहीतरी उभं करतो तेव्हा मात्र आत काहीतरी हलतं. घरात धंदा बघितलेल्या मुलांचं असंच होतं. आता कोणी म्हणेल ते रक्तातच असतं. स्वीडनमध्ये यावर एक फार सुंदर अभ्यास झाला, मॅथ्यू लिंडक्विस्ट, यूरी सोल आणि मिरियम व्हान प्राग यांचा, २०१५ मध्ये छापून आला. त्यांनी दत्तक मुलं घेतली, म्हणजे जन्म देणारे आईबाप वेगळे आणि वाढवणारे वेगळे. आईबाप उद्योजक असतील तर मूल उद्योजक होण्याची शक्यता साधारण ६० टक्क्यांनी वाढते, आणि दत्तक मुलांमध्ये वाढवणाऱ्या आईबापांचा प्रभाव जन्म देणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट निघाला. रक्ताचा वाटा आहे, नाही असं नाही, पण डोळ्यांनी बघितलेल्याचा वाटा त्याहून मोठा आहे.

तिसरी वाट म्हणजे दुसऱ्याने धीर देणं, ‘तू करशील’ म्हणणं. ही सगळ्यात स्वस्त वाट आणि म्हणूनच सगळे तिच्यावर तुटून पडतात. तिचा उपयोग होतो, पण थोडा वेळ. बोलणाऱ्याला तुमचं काम खरंच माहीत असेल आणि त्याने नेमकं सांगितलं, की तुझं हे चांगलं आहे आणि इथे कमी पडतंस, तर ते शब्द टिकतात.

चौथी वाट शरीराची. छातीत धडधड, हाताला घाम, झोप उडणं, याचा अर्थ आपण कसा लावतो त्यावर भरवसा वरखाली होतो. ‘मी घाबरलोय म्हणजे हे माझ्यासाठी नाही’ असा अर्थ लावणारा मागे फिरतो. पहिल्यांदा मोठं काम करताना धडधडणारच, ते कौशल्य नसल्याचं प्रमाणपत्र नाही.

जास्त भरवसा म्हणजे जास्त चांगलं, असंच ना?

नाही, आणि इथे मला थोडं सविस्तर बोलायचंय, कारण लोकांचं नुकसान याच ठिकाणी होतं.

१९८८ मध्ये अर्नोल्ड कूपर, कॅरोलिन वू आणि विल्यम डंकेलबर्ग यांनी अमेरिकेतल्या २,९९४ उद्योजकांना विचारलं, तुमचा धंदा यशस्वी व्हायची शक्यता १० पैकी किती? ८१ टक्के लोकांनी ७ किंवा त्याच्या वर सांगितलं, आणि ३३ टक्के म्हणाले १० पैकी १०, म्हणजे फसायचा प्रश्नच नाही. मग त्यांना विचारलं, तुमच्यासारखाच धंदा दुसऱ्या कोणी केला तर? त्याला ७ किंवा वर देणारे फक्त ३९ टक्के. धंदा तोच, आकडा मात्र स्वतःसाठी वेगळा आणि शेजाऱ्यासाठी वेगळा. आणि प्रत्यक्षात काय होतं? अमेरिकेच्या सरकारी आकडेवारीत वर्षानुवर्षं दिसतं की नवीन सुरू झालेल्यांपैकी साधारण २० टक्के पहिल्याच वर्षात बंद होतात आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे. (बंद होणं म्हणजे प्रत्येक वेळी बुडणं नसतं हे खरं, काही लोक विकतात, काही दुसरं काही करतात, पण १० पैकी १० म्हणण्याइतकी ती परिस्थिती नक्कीच नाही.)

असं का होतं यावर कॉलिन कॅमेरर आणि डॅन लोव्हालो यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग छापला. लोकांना एका खेळातल्या बाजारात शिरायचं की बाहेर राहायचं हे ठरवायचं होतं. जागा कमी आणि शिरणारे जास्त झाले तर मागे पडणाऱ्यांचे पैसे जाणार. जेव्हा क्रमांक नशिबावर ठरायचा तेव्हा लोक सांभाळून होते. क्रमांक कौशल्यावर ठरणार म्हटल्यावर जास्त लोक शिरले. आणि जिथे आधीच सांगून ठेवलं होतं की कौशल्याची परीक्षा आहे, ज्यांना स्वतःवर भरवसा आहे त्यांनी यावं, तिथे तर गर्दी आणखी वाढली, कारण प्रत्येक जण स्वतःकडे बघत होता, आपल्यासारखेच भरवसेवाले बाकीचेही आलेत हे कोणी हिशेबात धरत नव्हतं. माझ्या मते खऱ्या बाजाराचं याहून चांगलं वर्णन क्वचितच सापडेल. तुम्हाला तुमचं काम येतं म्हणून तुम्ही उतरताय, बरोबर आहे, पण त्या बाजारात उतरलेला प्रत्येक जण त्याच कारणाने उतरलाय.

म्हणजे दोन वेगळे प्रश्न आहेत आणि ते एकमेकांत मिसळू देऊ नयेत. ‘मला हे काम जमेल का’ हा एक. ‘मी ते केलं तरी लोक पैसे देतील का, बाजारात माझ्यासाठी जागा आहे का’ हा दुसरा. पहिल्याचं उत्तर ‘हो’ असलं की आपण दुसऱ्याचंही ‘हो’ गृहीत धरतो. कीथ मीलेस्की आणि रॉबर्ट बॅरन यांनी २००८ मध्ये चालू कंपन्यांच्या प्रमुखांचा अभ्यास केला तेव्हा असंच काहीतरी समोर आलं: जिथे परिस्थिती झपाट्याने बदलते अशा क्षेत्रात, जमण्याचा भरवसा मोठा आणि सोबत ‘सगळं चांगलंच होणार’ हा आशावादही मोठा, असं असेल तर कंपनीच्या कामगिरीला ते मारक ठरलं. भरवसा मोठा पण आशावाद बेताचा असेल तिथे मात्र भरवशाचा फायदा दिसला. मला हे जोडगोळीसारखं लक्षात ठेवावंसं वाटतं: हातांवर भरवसा भरपूर, नशिबावर बेताचा.

‘भरवसा आहे हो, पैसा नाही’

हा आक्षेप अगदी रास्त आहे आणि तो कोणी हसण्यावारी नेऊ नये. डेव्हिड ब्लँचफ्लॉवर आणि अँड्र्यू ऑस्वाल्ड यांनी १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या माहितीवरून दाखवलं की ज्यांना वारशात किंवा भेट म्हणून पैसे मिळाले ते स्वतःचा धंदा करत असण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे भांडवल नसणं ही मनाची समजूत नाही, ती खरीखुरी भिंत आहे. ज्याच्यावर घर चालतं, ज्याच्या घरात आजारपण आहे, त्याने जोखीम टाळली तर त्याला ‘तुझ्यात आत्मविश्वास नाही’ म्हणणं हा अन्याय आहे. आयझेन यांनीही हे स्पष्ट सांगितलंय की ‘हातात आहे असं वाटणं’ हे प्रत्यक्ष हातात असण्याशी जेवढं जुळेल तेवढाच त्याचा उपयोग. वाटणं एक आणि वस्तुस्थिती भलतीच असेल तर इरादा कितीही पक्का असून गाडी पुढे जात नाही.

पण दोन्ही भिंती एकाच वेळी असू शकतात. पैशाची भिंत दिसते, बोटाने दाखवता येते, म्हणून आपण तिच्याबद्दल बोलतो. भरवशाची भिंत दिसत नाही. कधी कधी पैसा येतो आणि तरीही माणूस हलत नाही, तेव्हा कळतं की आत अजून एक होती.

बायकांमध्ये इच्छा कमी असते का?

फिओना विल्सन, जिल किकल आणि डेबोरा मार्लिनो यांनी २००७ मध्ये शाळकरी मुली-मुलं आणि एमबीए करणारे अशा दोन्ही गटांकडे बघितलं. दोन्हीकडे मुलींचा धंदा जमण्याबद्दलचा भरवसा मुलांपेक्षा कमी होता. पण एमबीएच्या गटात उद्योजकतेचं शिक्षण घेतल्याचा भरवशावरचा परिणाम बायकांमध्ये पुरुषांपेक्षा जास्त दिसला. मला हे वाचून फार बरं वाटलं. जे शिकवल्याने, करून बघितल्याने एवढं भरून निघतं ते जन्मजात कमी आहे असं म्हणायला जागा उरत नाही. ज्यांना लहानपणापासून व्यवहाराच्या बोलण्यात बसवलंच नाही, पैसे हातात देऊन ‘बघ कसं करतेस’ म्हटलंच नाही, त्यांच्या भरवशाची वाट तिथेच अडवलेली असते.

मग एखादा कोर्स केला की काम होईल?

कुठला कोर्स त्यावर आहे, आणि ‘काम होणं’ म्हणजे काय त्यावरही. हाओ झाओ आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एमबीएच्या विद्यार्थ्यांना शिक्षणाच्या सुरुवातीला आणि शेवटी विचारून पाहिलं, तेव्हा जे शिकलो त्याचा आणि आधीच्या अनुभवाचा परिणाम इराद्यापर्यंत पोचत होता तो या भरवशातूनच. इथपर्यंत सगळं अपेक्षेप्रमाणे.

पण नेदरलँड्समध्ये हेसल ओस्टरबीक आणि सहकाऱ्यांनी कॉलेजातल्या मुलांना खरी छोटी कंपनी चालवायला लावणारा कार्यक्रम तपासला, २०१० मध्ये तो अभ्यास छापला, आणि त्यात मुलांचा धंदा करायचा इरादा उलट कमी झालेला निघाला. त्याच वर्षी जर्मनीतल्या एका अभ्यासातही कोर्सनंतर इरादा थोडा घसरलेला दिसला, पण त्या अभ्यासकांनी त्याचा अर्थ छान लावलाय: कोर्समुळे विद्यार्थ्यांना स्वतःबद्दल माहिती मिळाली, काहींना कळलं हे माझंच क्षेत्र आहे, काहींना कळलं हे माझं नाही. मला यात अपयश दिसत नाही. कोणीतरी स्वतःच्या बचतीची राख होण्याआधी वर्गातच ओळखलं की आपला पिंड वेगळा आहे, तर तो कोर्स वाया गेला असं कसं म्हणायचं?

याला जोड देणारी गोष्ट हार्वर्ड बिझनेस स्कूलमधली. तिथे विद्यार्थ्यांना तुकड्यांमध्ये विभागलं जातं, कोण कोणाच्या तुकडीत येणार हे विद्यार्थ्याच्या हातात नसतं. जॉश लर्नर आणि उल्रिके माल्मेंडियर यांनी बघितलं की ज्या तुकडीत आधी धंदा करून आलेले जास्त, तिथल्या इतरांमध्ये पुढे धंदा सुरू करण्याचं प्रमाण कमी निघालं. पण कमी झाले ते मुख्यतः फसणारे धंदे. म्हणजे अनुभवी सोबत्यांनी कच्च्या कल्पना वेळीच गाळून टाकायला मदत केली असावी. त्यामुळे तुमच्या आजूबाजूला फक्त टाळ्या वाजवणारे असतील तर एखादा तरी असा शोधा जो स्वतः त्यातून गेलाय आणि तुम्हाला तोंडावर अडचणी सांगेल.

आणखी एक अभ्यास मला सगळ्यांपर्यंत पोचावासा वाटतो. आफ्रिकेतल्या टोगो देशात १,५०० छोट्या उद्योजकांवर तो झाला, २०१७ मध्ये सायन्स या नियतकालिकात आला. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट केले. एका गटाला नेहमीचं व्यवसाय प्रशिक्षण दिलं, हिशेब, मार्केटिंग वगैरे. दुसऱ्या गटाला पुढाकार कसा घ्यायचा, अडचण येण्याआधी ती कशी ओळखायची, धक्का बसल्यावर कसं उठायचं याचं प्रशिक्षण दिलं. तिसऱ्या गटाला काहीच नाही. पुढाकाराचं प्रशिक्षण मिळालेल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढला. नेहमीच्या प्रशिक्षणाने ११ टक्के वाढ दिसली पण ती योगायोगही असू शकेल इतकी अनिश्चित होती. माहिती तर हवीच, पण ‘मी यात काहीतरी करू शकतो’ हे शिकवता येतं आणि त्याचा परिणाम थेट गल्ल्यात दिसतो.

इच्छाही आहे, भरवसाही आहे, तरी सुरुवात का होत नाही?

कारण इरादा आणि कृती यांच्यात मोठी फट असते, आणि ती फक्त धंद्यात नाही, व्यायामापासून अभ्यासापर्यंत सगळीकडे असते. पीटर गोलविट्झर यांनी यावर एक साधा उपाय पुढे आणला, १९९९ चा त्यांचा लेख यासाठी प्रसिद्ध आहे. ‘मी ग्राहक शोधणार’ असं न ठरवता ‘अमुक वेळ झाली की अमुक ठिकाणी बसून अमुक तिघांना फोन करणार’ असं आधीच बांधून टाकायचं, आणि अडचणीचंही तसंच, ‘पहिल्याने नाही म्हटलं तर लगेच दुसरा नंबर लावणार’. एवढ्याने ठरवलेलं प्रत्यक्षात उतरण्याचं प्रमाण वाढतं हे पुढे बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, आणि भरवशाच्या दृष्टीने बघितलं तर प्रत्येक असा फोन म्हणजे स्वतः करून बघण्याची एक पायरीच.

दुसरी गोष्ट जोखमीची. सरस सरस्वती यांनी मुरलेले उद्योजक निर्णय कसे घेतात ते त्यांना मोठ्याने विचार करायला सांगून तपासलं. बाहेरून आपल्याला वाटतं ही माणसं मोठ्या नफ्याचं गणित मांडून उडी घेतात. त्या अभ्यासात दिसलं की ती बऱ्याचदा उलटीकडून सुरू करतात: हे फसलं तर माझं किती जाईल, आणि तेवढं गेलं तर मला चालेल का? चालत असेल तर पुढे. नफ्याचा अंदाज सुरुवातीला कोणालाच नीट बांधता येत नाही, पण आपलं किती गेलेलं आपल्याला सोसेल हा आकडा प्रत्येकाला स्वतःचा स्वतः काढता येतो, त्यासाठी बाजाराचा तज्ज्ञ लागत नाही. पैसे किती, महिने किती, घरच्यांचा धीर किती, हे तीनही आकडे काम सुरू करायच्या आधी कागदावर लिहा, आणि घरात ज्यांच्यावर त्याचा परिणाम होणार आहे त्यांना तो कागद वाचायला द्या.